तेराव्या पत्त्याचा चेहरा

४ फेब्रुवारी

निवृत्त माणसाला परत कामावर बोलावतात तेव्हा खुशाल समजावं, की ते काम दुसऱ्या कुणालाही नको आहे. आज चिमणी घरी आली होती. संग्रहालयाची संचालिका आता तीच आहे. पण कॉलेज संपवून माझ्या हाताखाली आली तेव्हा तिचा आवाज टेबलाच्या पलीकडे पोचत नसे, म्हणून मी तिला चिमणी म्हणू लागले आणि ते नाव चिकटलं.

जहाजावर नोकरी केलेल्या एका डॉक्टरने जन्मभर टॅरोचे पत्ते जमवले होते. तो वारल्यावर त्याच्या बायकोने सगळे उचलून संग्रहालयाला दिले. एप्रिलच्या आरंभी त्यांचं प्रदर्शन आहे. पत्त्यांवरची चित्रं पाच-सहा शतकांत कशी बदलत गेली ते दाखवायचं. प्रत्येक पत्त्याखाली चार ओळी लिहायच्या आणि एक पुस्तिका करायची. "बाई, जुनी छापील चित्रं तुमच्याइतकी कुणाला कळतात?" असं ती म्हणाली. मी म्हटलं, कळणारे पुष्कळ आहेत, पण ते पगार मागतात. ती हसली. मी होकार दिला. अलीकडे थकवा फार येतो, पण नुसतं घरात बसून येणारा थकवा जास्त वाईट.

धाकटीला आनंद झाला. माझी ही बहीण नवरा गेल्यापासून माझ्याकडे राहते, आणि दुपारी शेजारच्या बायकांना हेच पत्ते मांडून भविष्य सांगते. मला ते थोतांड वाटतं आणि मी ते कधी लपवलेलं नाही. जेवताना तिला सांगितलं, की हे पत्ते मुळात खेळायचे. शतकानुशतकं लोकांनी त्यांच्यावर नुसते डाव खेळले, भविष्य मागाहून चिकटलं. ती म्हणाली, "आधी खेळ होता म्हणून काय झालं? ताई, तूसुद्धा आधी हसायचीस."

१० फेब्रुवारी

तळघरातली जुनी खोली, तेच लोखंडी खण, तोच टिपकागदाचा वास. फक्त दिवे बदललेत. पांढरे, फिकट, निरुपयोगी दिवे. याच टेबलावर मला कागदाचा एकेक तंतू दिसत असे. वेगळा दिवा मागून घेतला, तोही तसलाच निघाला. हल्ली वस्तूंमध्ये दम राहिलेला नाही.

पहिला भाग लिहून झाला. सुरुवातीचे पत्ते परदेशातल्या सरदार-दरकदारांच्या वाड्यांसाठी हाताने रंगवलेले. पुठ्ठ्यावर सोन्याचा वर्ख, त्यावर सुईने टोचून काढलेली नक्षी. अस्सल पत्ते मोठमोठ्या संग्रहांत आहेत, डॉक्टरकडे चांगल्या नकला होत्या. त्यातला एक निळ्या झग्यातला म्हातारा हातात वाळूचं घड्याळ घेऊन उभा आहे. तो म्हणजे काळ. पुढे पत्ते लाकडी ठशांवरून स्वस्तात छापू लागले. एक कारागीर दुसऱ्याचं बघून कोरायचा. त्यात कुणाला तरी ते घड्याळ ओळखू आलं नाही आणि त्याने कंदील कोरला. मग सगळ्यांनीच कंदील कोरले, आणि नंतरच्या विद्वानांनी त्या कंदिलाच्या गूढ अर्थावर ग्रंथ लिहिले. मी खाली लिहिलं: हा कंदील नीट न पाहणाऱ्या डोळ्यांतून आला आहे.

चिमणी म्हणाली, 'बहुधा' घालू या का. मी सांगितलं, ज्याने स्वतः पाहिलेलं नाही तो 'बहुधा' लिहितो.

१८ फेब्रुवारी

फ्रेमवाल्याने पाठवलेल्या फ्रेमा परत केल्या. प्रत्येकीची उभी पट्टी मध्यावर फुगलेली. तो गडी स्वतः आला, काटकोन मोजायचा गुण्या लावून दाखवू लागला, म्हणाला, "सरळ आहे हो बाई." वर भिंतच वाकडी असेल म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं. चिमणीने मध्ये पडून दुसऱ्या आणून देतो असं त्याच्याकडून वदवून घेतलं. तो दाराशी गेल्यावर दोघं बराच वेळ कुजबुजत होते. कारागिराशी सलगी करू नये, हे मी तिला शिकवलं नव्हतं का?

घरी चहा ओतताना अर्धा टेबलावर सांडला. धाकटी कपांच्या जागा बदलत असते. तिला बोलले तर तिने उत्तर न देता फडकं आणलं. मान दुखते आहे. ती म्हणते मी हल्ली पाखरासारखी मान तिरकी करून वाचते. मी काहीही तिरकं करत नाही.

२५ फेब्रुवारी

आज बऱ्याच वर्षांनी छातीत धडधडलं, तेही जिना न चढता.

लाकडी ठशांचा जो जुना संच आहे त्यात तेरावा पत्ता मरणाचा. काळ्या रेघांत छापलेला सांगाडा, हातात विळा, शेतात तुटलेले हातपाय आणि मुंडकी. रंग साच्यावरून फासलेला, म्हणून तांबडा रेघेबाहेर सांडलेला. बाकीच्या मोठ्या पत्त्यांवर खाली नाव असतं, याच्यावर नाही. तशी चाल पुष्कळ जुन्या संचांत आहे आणि ती सर्वांना ठाऊक आहे. पण या पत्त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी कुणीही नोंदवलेली नाही. या सांगाड्याला चेहरा नाही. कवटीची कड आहे. मध्ये जिथे खोबण्या, नाक, दात असायला हवेत तिथे नुसता करडा डाग. कारागिराने ती जागा कोरलीच नाही.

साध्या नजरेला तिथे चेहरा असल्याचा भास होतो, कारण आपली तशी अपेक्षा असते. भिंगातून सत्य दिसतं. मी उभी नोकरी भिंग उजव्या डोळ्याला लावून केली, डावा मिटून. डावा डोळा नुसता सोबतीला. नंतर बाकीचे पत्ते तपासले. राजा, राणी, वेडा, सगळ्यांचे चेहरे याच रीतीने पुसट आहेत, मरणाचा सर्वांत जास्त. म्हणजे ज्याने मरणाला नाव दिलं नाही, त्याने त्याला चेहराही नाकारला. हाच विचार मग साऱ्या संचात झिरपला.

चिमणीला बोलावलं. तिने भिंग लावून खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, उद्या उजेडात परत बघू या का. मी म्हटलं, हवं तितक्या वेळा बघ, पत्ता कुठे पळून जात नाही. तिने आठवण दिली, की उद्घाटनाला पत्त्यांच्या अभ्यासक मंडळाचे अध्यक्ष येणार आहेत आणि पुस्तिका त्यांच्या हातात पडेल. तिची संचालक म्हणून पहिलीच मोठी गोष्ट आहे ही, मला माहीत आहे. मग तर उत्तमच. हा शोध पहिल्या पानावर.

२ मार्च

धाकटीने आज बळेबळे मला समोर बसवून पत्ते मांडले. पहिला निघाला म्हातारा कंदीलवाला, दुसरा चंद्र, तिसरी डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई. धाकटीने गंभीर तोंड केलं. "ताई, तिन्ही एकच सांगतायत. डोळे दाखवून ये."

"आता पत्ते डॉक्टरसुद्धा सुचवतात का?"

"सुचवतात. चौकातल्या औषधांच्या दुकानाच्या वरचा. सोमवारी वेळ मिळते."

तिन्ही पत्ते तिने गड्डीच्या तळातून काढले, एवढं मला कळतं. शेजारणींना फसवते ते समजू शकते, पण सख्ख्या बहिणीशी लबाडी करून हिला काय मिळणार, देव जाणे. चष्मा दोनच वर्षांपूर्वी बदललाय.

बसल्या बसल्या तिचा संच मात्र नीट बघितला. शंभरावर वर्षांपूर्वी एका चित्रकर्तीने काढलेला, आज घरोघरी आहे तो. साध्या आकड्यांच्या पत्त्यांवर पूर्वी बहुतेक नुसते पेले, काठ्या, तलवारी मोजून काढलेल्या असत. हिने त्या प्रत्येकावर माणसं आणली. कुणी रडतंय, कुणी ओझं वाहतंय, कुणी झोपलंय. पट्टी बांधलेली बाईही हिचीच. मरणाला तिने चिलखत घालून पांढऱ्या घोड्यावर बसवलं आणि मागे क्षितिजावर सूर्य ठेवला. लोकांना मरणसुद्धा सजवलेलं हवं असतं. खुद्द तिचं नाव कितीतरी वर्षं खोक्यावर नव्हतं. तिच्यावर एक चांगला परिच्छेद लिहिला.

९ मार्च

फोटोवाल्याने तेराव्या पत्त्याचा मोठा केलेला फोटो आणला. त्यात मरणाला खोबण्या, नाक, दात, सगळं! मी विचारलं, कॉम्प्युटरवर हात फिरवायला तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, काहीच केलं नाही. मी चिमणीकडे पाहिलं, तर ती फरशीकडे पाहत होती. फोटो पुस्तिकेतून काढायला लावला. हल्ली यंत्रं माणसाला हवं ते बनवून देतात आणि माणसं त्याला पुरावा म्हणतात.

चार पानी लेख तिच्या हातात ठेवला. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत स्वच्छ लेख असेल. तिने दोनदा वाचला. मग विचारलं, अध्यक्षांना आधी एकदा पत्ता दाखवू या का. मला दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज नाही, असं मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि उगाच माझ्या खुर्चीवरची शाल घडी करत बसली.

१६ मार्च

तळघराच्या शेवटच्या पायरीवरून पडले. गुडघा सुजलाय. पायऱ्यांच्या कडा दिसत नाहीत, तशी लेखी तक्रार दिली.

कंटाळा आला आहे. अजून जादूगाराच्या पत्त्याचं लिहायचं होतं, ते पडल्या पडल्या धाकटीला सांगून लिहवलं. तो पूर्वी बाजारात टेबल मांडून वाट्या-गोळ्यांची हातचलाखी करणारा साधा पोटार्थी माणूस होता. सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तची गुप्त विद्या. पुरावा शून्य. पण पुढच्या चित्रकारांनी त्या बिचाऱ्याला झगा चढवला, हात आकाशाकडे करायला लावला, आणि तो महासिद्ध झाला. एकदा का मनातलं डोळ्यांना दिसायला लागलं, की माणूस थांबत नाही, असं शेवटचं वाक्य सांगितलं. धाकटी लिहिता लिहिता थांबली. "हे असंच ठेवू?" म्हणाली. मी म्हटलं, का, काय वाईट आहे त्यात?

२१ मार्च

शेवटचा भाग आजकालच्या पत्त्यांचा. आता कुणीही उठतो आणि संच काढतो. मांजरांचा, झाडांचा, यंत्रमाणसांचा. त्यातला एक एका तरुण मुलीने काढलेला आहे, चार-पाच वर्षांपूर्वीचा, गुळगुळीत यंत्रछपाईचा. प्रत्येक पत्त्यावर नुसता एक मोठा चेहरा, गालावरच्या तिळांसकट. मला तो आवडत नाही. पण माझ्या लेखाला शेवट हवा होता. जुन्या कारागिराने चेहरा नाकारला आणि ही मुलगी चेहऱ्याशिवाय काही काढतच नाही, असा. म्हणून वर्णनासाठी एक पत्ता भिंगाखाली घेतला.

तिथेही चेहरा नाही.

दुसरा घेतला. नाही. मांजरांचा संच काढला. कान आहेत, मिशांची टोकं आहेत, मध्ये मांजर नाही. मग भिंग स्वतःच्या अंगठ्यावर धरलं. नखाच्या जागी धूर.

खण बंद करून घरी आले. धाकटीने वाढलं, मी जेवले.

२२ मार्च

सकाळी खिडकीशी उभी राहिले. उजवा डोळा झाकला, गज सरळ. डावा झाकला, तोच गज मध्यावर फुगला, फ्रेमवाल्याच्या पट्टीसारखा. मागून धाकटी आली. तशीच तिच्याकडे वळले. केस होते, कानातले होते, हनुवटी होती. धाकटी नव्हती.

मी विचारलं, तुला ठाऊक होतं?

"गॅसच्या बटणाला लाल रंग काय मी हौसेनं लावला?" ती म्हणाली. "दोनदा त्या डॉक्टरची वेळ घेतली आणि दोनदा रद्द केली."

"मग सरळ तोंडानं सांगायचं."

"तुला? पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून पत्त्यांच्या तोंडी घातलं. म्हटलं, माझं तर ऐकत नाहीस, निदान त्यांच्याशी भांडशील."

मला राग यायला हवा होता. खुर्ची ओढून बसले. तिने चहा केला आणि कप माझ्या हातात आणून दिला, टेबलावर ठेवला नाही.

२४ मार्च

डॉक्टर तरुण आहे, भरभर बोलतो. चौकटी-चौकटींचा कागद समोर धरला, मध्ये ठिपका. डाव्या डोळ्याने बघितलं तर शाळेची गणिताची वही. उजव्याने बघितलं तर कुणीतरी ती वही मुठीत चुरगळलेली. ठिपका नाहीच. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी साचलंय म्हणाला, वयाचा आजार आहे. महिन्याच्या महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. जे गेलं त्यातलं थोडंच परत येईल, उरलेलं राखण्यासाठी हा सगळा खटाटोप. "सुरुवातीला आला असतात तर..." असं म्हणून त्याने धाकटीकडे बघितलं आणि वाक्य गिळलं. डावा डोळा सध्या ठीक आहे, पण त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

मी भिंगाचं विचारलं. "डाव्याला लावा की," म्हणाला. इतकं सोपं असतं त्याच्यासाठी.

२५ मार्च

चिमणीच्या खोलीत जाऊन उभ्या उभ्या सांगितलं, की पुस्तिका थांबव, माझा लेख चूक आहे, त्या पत्त्याला चेहरा आहे. डोळ्याचंही सांगितलं. तिने आधी मला खुर्ची दिली. मग म्हणाली, लेख छापखान्यात गेलेलाच नाही. बाकीचा मजकूर तिने पाठवलाय, पहिली चार पानं राखून ठेवली आहेत. पंधरा दिवस ती छापखान्याला काहीबाही कारणं सांगत होती.

"म्हणजे तुला चेहरा दिसत होता?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

ती टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिली. "तुम्ही म्हणालात चेहरा नाही," ती म्हणाली. "बाई, मी त्याच संध्याकाळी जाऊन माझेच डोळे तपासून घेतले."

तिचे डोळे उत्तम निघाले. तरीही ती दुसऱ्या दिवशी येऊन गप्पच बसली होती. मी म्हटलं, चार पानं कोरी सोडता येणार नाहीत, परवापर्यंत दुसरं काहीतरी देते. ती म्हणाली, घाई नाही. मी म्हटलं, घाई कशी नाही? बाहेर कुणीतरी फ्रेमा ठोकत होतं.

३ एप्रिल

पहिलं इंजेक्शन झालं. वाटलं होतं त्याहून कमी दुखलं, वाटलं होतं त्याहून जास्त थकवलं. डोळा टोमॅटोसारखा लाल आहे, त्यामुळे उद्या समारंभात मला बोलावं लागणार नाही, हा एक फायदा. चार पानांत घड्याळापासून कंदिलापर्यंतची साधी हकिगत दिली आहे. माझ्या शोधाचा त्यात उल्लेख नाही.

सगळे पत्ते भिंतीवर लागले. राहिल्या होत्या फक्त तेराव्याखालच्या ओळी. डाव्या डोळ्याने थोडं बघितलं की डोकं ठणकतं. शेवटी भिंग चिमणीच्या हातात दिलं आणि म्हटलं, तू बघ आणि सांग, मी लिहून घेते. तिला वाटलं मी रागावून बोलते आहे. तसं नाही म्हटलं, तरी तिला पटायला वेळ लागला.

ती वाकली. "दोन खोबण्या आहेत. डावी जरा मोठी, कोरताना पटाशी घसरली असणार. नाकाच्या जागी तीन आखूड रेघा. खाली दात, एका ओळीत."

दात दिसतात म्हणजे हसतोय, मी म्हटलं, आणि 'हसरा' असं लिहिलंही.

तिने भिंगावरून डोळा काढला नाही. "नाही," ती म्हणाली. "हसत नाही."

"सांगाड्याला दात असले की तो हसतोच. मला काल डाव्या डोळ्यानं हसरा दिसला."

"दिसला असेल. मला नाही दिसत. दात घट्ट मिटलेत, बाई. आणि जबडा एका बाजूला ढळलाय. हा दिवसभर कापणी करून दमलाय, आणि शेत अजून संपलेलं नाही."

मी उठले नाही, भिंग मागितलं नाही. ती बरोबर आहे की नाही, ते मला आज ठरवता येण्यासारखं नाही. 'हसरा' खोडून त्याच्यावर 'दमलेला' लिहिलं आणि तिला म्हटलं, "बरं. पुढे सांग."